विचारायचं नाही ते

पारदर्शक पट्टी नावाखाली सरकवली की तिच्या कडेतून अक्षरं किंचित वाकतात — प्रकाशाचं वक्रीभवन, दुसरं काही नाही — पण सकाळपासून अनिकाला प्रत्येक मतदाराचं नाव पाण्यातून दिसल्यासारखं वाटत होतं. शॉमबर्गच्या शाळेचं हे जिम. एरवी ती इथे बास्केटबॉल खेळते. आज मतदान केंद्रावर क्लार्क. वय सतरा. स्वतःला मत नाही, पण दुसऱ्याला मतपत्रिका द्यायची... गंमतच.

"काय गं अनिका! तू इथे? कलेक्टरच झालीस की!"

पट्टी थांबली. उल्हासकाका, बाबांचे मित्र. नाव यादीत होतं. असणारच — गणपतीच्या जेवणात काकांनीच तर सांगितलं होतं, ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर बाईनं विचारलं, मतदार म्हणून नाव घालू का? म्हटलं घाला, सरकारी माणसाला नाही कशाला म्हणा! सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि मग श्रीखंड घेता घेता ते म्हणाले होते, सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला, आता फक्त ओथ राहिली... ते सप्टेंबरात. आता नोव्हेंबर. मध्ये शपथ झाली असेल. किंवा नसेल.

नसेल, आणि त्यांनी मत दिलं, तर हाताशी आलेलं नागरिकत्व जाईलच, कदाचित ग्रीन कार्डही. मग घर, काकूंची नोकरी, सगळंच.

ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं : नागरिक आहात का, हे आपण विचारायचं नाही. नाव सापडलं, सही जुळली, मतपत्रिका द्यायची. शेजारच्या खुर्चीतल्या मिसेस डॉसनना सांगावं, तर ते लेखी नोंदलं जाईल. गप्प राहावं, तर... दोन्हीकडे चूक शक्य, आणि लॅबमधल्यासारखं पुन्हा मोजून बघायची सोय नाही.

"काका," ती खाली बघत मराठीत म्हणाली, "तुमची ओथ झाली ना?"

काकांचं हसू तसंच राहिलं, जरा जास्तच वेळ.

"घरी कार्ड आलंय की मतदाराचं."

"ते चुकूनही येतं, काका. ओथच्या आधी व्होट केलं तर खूप प्रॉब्लेम होतो."

"एव्हरीथिंग ओके, हनी?" मिसेस डॉसन.

"वा! आमच्यासमोर रांगलीस, आणि आता आमचीच तपासणी?" काका हसत म्हणाले. मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गाडी चुकीच्या जागी लावली वाटतं," आणि ते दाराकडे गेले.

परत आले नाहीत. वाचले म्हणून, की दुखावले म्हणून? शपथ कधीच झालेली असेल, आणि मित्राच्या मुलीनं भर रांगेत विचारलं एवढ्यानंच ते आपलं पहिलं मत न देताच निघून गेले असतील तर? मी वाचवलं त्यांना. मी हाकललं त्यांना. मी सकाळी आलेल्या मिस्टर गार्सियांना विचारलं नाही, त्या पोलिश आजींना विचारलं नाही. मला ठाऊक होतं म्हणून विचारलं — फक्त म्हणूनच ना?

"हाय," समोर कॉलेजचा स्वेटशर्ट घातलेली एक मुलगी. अनिकाच्याच रंगाची, अनिकासारखंच इंग्रजी. आडनाव देशमुख. पूर्ण अनोळखी. नाव सापडलं. सही जुळली. अनिकानं मतपत्रिका उचलली, पुढे केली, आणि मुलीनं ती धरली तरी अनिकाची बोटं सुटेनात, कारण जिभेवर तोच प्रश्न आला होता, या वेळी इंग्रजीत, आणि त्याला आता कसलंच कारण लागत नव्हतं.