जबाबाची शेवटची ओळ

पोलीस व्हायचं म्हणजे धावायचं, अशी माझी समजूत होती. भरतीआधी वर्षभर मी पायाचे तुकडे पडेपर्यंत धावले, आणि निवड झाली तेव्हा आईने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की आता आमची पोरगी चोरांच्या मागे धावणार. ठाण्यात हजर झाले त्या दिवसापासून मी एकाही चोरामागे धावलेले नाही. मी लिहिते. सकाळी नऊपासून मान मोडून लिहिते. शहर एवढं अवाढव्य की रोज कुणीतरी कुठेतरी पडतं, बुडतं, भाजतं, हरवतं, आणि त्या प्रत्येकाचा कागद व्हावा लागतो.

लिहायला मला मास्तरांनी शिकवलं. ते कुठल्या शाळेतले मास्तर नव्हते, आमच्याच ठाण्यातले जुने हवालदार होते. नव्या लोकांना हाताला धरून जबाब लिहायला शिकवायचे म्हणून हे नाव पडलेलं. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं की जबाबाला डोकं असतं, धड असतं आणि पाय असतात. डोकं म्हणजे, मी खाली सही करणार, वय इतकं, धंदा अमुक, समक्ष हजर राहून सांगते की. पाय म्हणजे, अपघाती मृत्यू असला तर, 'सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' डोकं आणि पाय सहसा बदलत नाहीत. तेव्हा सकाळचा चहा येईपर्यंत दहा कागदांवर दोन्ही लिहून ठेवायचे आणि दिवसभर नुसतं मधलं धड भरत जायचं.

मी विचारलं, असं आधी लिहून ठेवलेलं चालतं का. ते म्हणाले, समोर माणूस रडत असताना तू पाय लिहीत बसलीस तर त्याला आणखी पंधरा मिनिटं तिथे रडावं लागतं, ते चालतं का? मला त्यात माया दिसली. खरं सांगायचं तर अजूनही थोडी दिसते.

माझा स्वभाव तापट आहे, हे इथेच सांगून टाकते. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नोकरी पहिली दोन वर्षं कच्ची असते, शेवटी साहेब अहवाल देतात आणि मग माणूस कायम होतो. पहिल्याच वर्षी एका वरिष्ठाने एका म्हाताऱ्याला उगीच दोन तास ताटकळत उभं ठेवलं म्हणून मी सगळ्यांदेखत त्याला झाडलं होतं. म्हाताऱ्याला खुर्ची मिळाली, मला वाईट शेरा मिळाला. साहेबांनी तेव्हाच बजावलं की असा दुसरा शेरा आला की सरळ घरी.

घरी म्हणजे बाबांकडे. बाबा तीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींवर पहारेकरी होते. गणवेश त्यांनाही होता, पण त्याला कुणी भीक घालत नसे. फाटक उघडायला जरा उशीर झाला की आतली शाळकरी पोरंसुद्धा त्यांना एकेरीत हाक मारायची. आता माझ्या गणवेशाला इस्त्री तेच करायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. कॉलर तीनदा दाबायचे आणि म्हणायचे, ही नोकरी सांभाळ, बाकी सगळं आपण बघू. दुसऱ्या वर्षाचे दोन महिने उरले होते.

त्या दिवशी ती बाई आली. वय चाळिशीच्या आसपास, एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुणारी, हाताची कातडी साबणाने पांढरी पडलेली. तिचा धाकटा भाऊ उंच इमारतींच्या बाहेर दोराला लटकून काचा पुसायचा. नवव्या मजल्याजवळ दोर तुटला आणि तो गेला. आईबाप लवकर वारले, त्याला हिनेच वाढवलेलं. त्याचे बूट, घड्याळ आणि चावी तिला सकाळीच एका पिशवीत दिली होती. ती पिशवी मांडीवर घेऊन ती माझ्यासमोर बसली.

ती रडली नाही. एकेक गोष्ट मला नीट ऐकू जावी अशी सांगत होती. आदल्या संध्याकाळी भाऊ घरी येऊन म्हणाला होता, दोराचे पीळ सुटलेत, मी ते हातात धरून मुकादमाला दाखवलं. मुकादम म्हणाला, हा आठवडा ढकल, सोमवारी नवा देतो. सोमवार यायला तीन दिवस होते. मी सगळं लिहून घेतलं. दोराचं येईपर्यंत कागदावरची जागा संपत आली, कारण पाय सकाळीच लिहून ठेवलेला. मग मुकादमाचं बोलणं मी मुंग्यांएवढ्या अक्षरात दोन ओळींत कोंबलं. वाचून दाखवलं तेही आम्ही दाखवतो तसंच, गाडी उतारावर सोडल्यासारखं. मी शेवटच्या ओळीशी आले तेव्हा ती पिशवीतले बूट सरळ करत होती. तिने मान हलवली, सही केली. मीही तो पाय वाचला, पण ते शब्द मला ऐकूच आले नाहीत. दिवसातून सात-आठदा तोंडून जाणाऱ्या शब्दांचं असंच होतं. पुढच्या माणसाला मी आत बोलावलं.

बाराव्या दिवशी ती पुन्हा आली आणि विचारू लागली की दोर तपासला का. मी मोठ्या ऐटीत फाइल मागवली. फाइल बंद करायला काढलेली होती. दोर पाचव्या दिवशीच कंपनीला परत दिलेला, कारण तक्रारच नव्हती. कंपनीने त्याचं काय केलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. मी कारकुनावर उखडले, की जबाबात एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना दोर परत दिलाच कसा. त्याने कागद माझ्याकडे फिरवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. माझंच अक्षर.

बाहेर बाकावर ती बसली होती. मी तिला सांगितलं की तपास चालू आहे, उद्या या. हे माझं पहिलं खोटं. आधीच्या कागदावरचं निदान अनवधानाने झालेलं होतं.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद उजेडात धरला. मुंग्यांएवढी अक्षरं आणि खाली ऐसपैस पाय, एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं की कोण आधी आलं. त्यांनी तो टेबलावर ठेवला. मग म्हणाले की वाटा दोनच. एक, तू साहेबांना लेखी दे की हा पाय बाईने सांगितलेला नाही, मी सकाळीच लिहून ठेवलेला होता. मग पहिला जबाब बाद होईल, नवा घेतला जाईल, मुकादमाला बोलवावं लागेल, आणि तुला दुसरा शेरा मिळेल. दोन, बाईचा पुरवणी जबाब घे. त्यात लिही की त्या दिवशी दुःखामुळे माझी मनःस्थिती ठीक नव्हती म्हणून तक्रार नाही असं सांगितलं, आता मला तक्रार द्यायची आहे. तसे पुरवणी जबाब होतात, त्यात गैर कुणाला दिसत नाही.

"दोन्हींत दोराचं येतंच ना?" मी विचारलं.

"येतं," मास्तर म्हणाले. "पण पहिल्या वाटेने गेलीस तर लोक मलाही विचारतील, हिला हे शिकवलं कुणी."

ते असं बोलले म्हणून मला त्यांचा राग आला, आणि बरंही वाटलं. आता माझ्या भित्रेपणाला त्यांची सोबत होती.

घरी गेले तर बाबा फडक्याने माझ्या टोपीवरचं चिन्ह घासत होते. त्यांना विचारावं असं मनात आलं. पण मला ठाऊक होतं ते काय म्हणतील. खरं लिही, असं म्हणतील, आणि मग रात्रभर कुशीवर वळत राहतील. म्हणून विचारलं नाही. स्वतःला पटवलं की बाबांना त्रास नको. माणूस स्वतःशी जितकं गोड बोलतो, तेवढं दुसऱ्या कुणाशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. एक गोष्ट मी बरी केली, निदान तेव्हा तसं वाटलं. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं, की ती ओळ तुमची नव्हती, माझी होती. हेही सांगितलं की मी खरं लिहून दिलं तर माझी नोकरी जाऊ शकते, आणि दुसरी एक वाट आहे. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, मला भांडता येतं.

तिने विचारलं, घरी कोण कोण आहे. मी म्हटलं आईवडील, वडील थकलेत. तिने थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"दोराचं त्यात येईल ना, मॅडम?"

"येईल ताई. सगळं येईल, मुकादमाचं पण."

"मग लिहा की मीच बोलले होते. मन ठिकाणावर नव्हतं म्हणून लिहा. माझं काय जातंय त्यात?"

मी लिहिलं. त्या दिवशी पाय आधी लिहून ठेवलेला नव्हता. प्रत्येक वाक्य सावकाश वाचून दाखवलं, मुकादमाचं दोनदा. माझी मनःस्थिती ठीक नव्हती, हेही तितकंच सावकाश वाचलं. तिने सही केली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी हातही झटकला नाही आणि कागदही फाडला नाही.

दीडेक महिन्याने मी कायम झाले. साहेबांनी अहवालात लिहिलं की सुरुवातीचा उतावळेपणा गेला असून कामात पोक्तपणा आला आहे. आईने गल्लीत पुन्हा सगळ्यांना सांगितलं. बाबांनी तो कागद स्वतः वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मी सगळ्यांबरोबर हसले.

त्याच आठवड्यात तिच्या भावाच्या फाइलचा निकाल लागला. मुकादमाला एकदा बोलावलं होतं. दोर नवाकोरा होता, असं तो म्हणाला होता. दोर आता कुणाकडेच नव्हता. उरला बाईचा शब्द. निकालात लिहिलेलं होतं की पहिल्या जबाबात हिने तक्रार नसल्याचं सांगितलं, दुसऱ्यात स्वतःची मनःस्थिती ठीक नसल्याचं स्वतःच कबूल केलं, सबब मयताने दोराबाबत तिला काही सांगितलं होतं या म्हणण्यावर विसंबता येत नाही. फाइल बंद. मी मास्तरांना ते दाखवलं. त्यांनी वाचलं, परत दिलं, आणि त्या दिवशी कुणालाही काही शिकवलं नाही.

फाइल बंद झाल्याची लेखी सूचना नातेवाइकांच्या हातात द्यावी लागते. हे काम कुणीही करू शकलं असतं. मी मागून घेतलं. वाटेत मनाशी ठरवत होते की आज तिला सांगायचं, मी अजूनही खरं लिहून देते. आता शेरा आला तरी कायम माणसाला काढणं तितकं सोपं नसतं. हेही हिशोबीपणच होतं, पण निदान सांगायचं.

धुलाईखाना रुग्णालयाच्या तळघरात होता. वाफेने भिंती घामेजलेल्या, यंत्रांचा एवढा आवाज की बोलायचं तर कानाशी जावं लागे. ती ओल्या चादरी पिळून ढकलगाडीत टाकत होती. मला पाहून तिने हात पुसले. मी कागद दिला आणि त्यात काय आहे ते तिच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

तिने कागदाची चौघडी घालून तो कमरेला खोचला. रडेल म्हणून मी थांबले. मग ती माझ्या खांद्याकडे बघायला लागली. कायम झाले म्हणून बाबांनी घेऊन दिलेला बिल्ला तिथे होता, नवा, चकचकीत.

"तुम्ही कायम झालात का, मॅडम?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "दोघींतल्या एकीचं तरी काम झालं."

टोमणा नव्हता तो. टोमणा मला ओळखता येतो, मी त्यात वाढले आहे. तिला खरोखरच बरं वाटलं होतं. मी ठरवून आलेलं वाक्य तोंडाशी आणलं, पण तोवर तिने पुढची चादर उचलली होती आणि तिचं दुसरं टोक माझ्यापुढे धरलं होतं. तिच्या जोडीची बाई त्या दिवशी आली नव्हती. मी टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून ती चादर पिळली, मग आणखी एक, आणि मी काहीच बोलले नाही.