न पाहिलेलं रीळ

"अहो, केवढी टेप गुंडाळलीय! पापडांचा डबा आहे का हा?" मंजुषा कात्री चालवत पुटपुटली.

"दमट हवा लागू नये म्हणून गं," कमलाकर म्हणाला. सौदीतल्या या रास तनुरात समुद्र दाराशीच, बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. सुरैया मॅडमनी डबा सोपवताना बजावलं होतं, दमट हवेपासून तेवढं जपा. मग काय, या नाशिकच्या इंजिनिअरनं डब्याला प्लॅस्टिक गुंडाळलं, वर टेपचे वेढे दिले. पठ्ठ्यानं जिवापाड जपला होता तो!

समोर सुरैया मॅडम सोफ्याच्या कडेला टेकल्या होत्या. शेजारच्या, पॅलेस्टिनी, निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील कॅमेरामन. निर्वासितांच्या छावणीत त्यांनी काढलेल्या फिल्म बैरुतच्या युद्धात गडप झाल्या. मॅडमनी त्या शोधण्यात निम्मं आयुष्य घातलं आणि हाती लागलं हे एकच रीळ, अम्मानला चुलत भावाच्या माळ्यावर. डब्यावर वडिलांनी लिहिलं होतं, त्यात त्यांची आई होती, अंगणात रोटी भाजताना. मॅडम तान्ह्या असतानाच ती गेली, तिचा साधा फोटोही कुठं नाही. जुनी फिल्म उलगडताना तुटेल या भीतीनं मॅडमनीही ती पाहिली नव्हती. मशीनवर उतरवून देणारा कुणी शोधायला त्या आठवडाभरासाठी अम्मानला गेल्या आणि व्हिसाच्या भानगडीत उन्हाळाभर तिथंच अडकल्या. इकडे कमलाकर सुट्टीवर सहकुटुंब नाशिकला गेला. निघताना मेन स्विच बंद, म्हणजे एसीही बंद, उन्हाळाभर घराची भट्टी. सुट्टीवर जाताना इथं सगळेच तसं करतात.

झाकण निघालं तसा खोलीभर व्हिनेगरचा उग्र वास सुटला. आत रीळ कसलं, नुसता चिकट, वेडावाकडा गोळा.

"अगंबाई!" मंजुषा मागे सरली.

"जुनी फिल्म आंबते," मॅडम हळूच इंग्रजीत म्हणाल्या. "तिला गारवा लागतो. वाफ बाहेर जायला वाट लागते. मीच सांगायला हवं होतं."

 वैऱ्यालाही साधलं नसतं, ते कमलाकरनं मायेनं करून ठेवलं होतं.

"खरं सांगा," मॅडम एकदम पुढे झुकल्या. "ठेवण्याआधी उघडून पाहिलं असेल ना? थोडंसं? उजेडात धरून? मी रागावणार नाही. ती कशी दिसत होती, तेवढंच सांगा."

काहीतरी ठोकून द्यावं असं त्याला फार वाटलं. पण जीभ रेटेना.

"नाही हो, मॅडम. दुसऱ्याची वस्तू... विचारल्याशिवाय कशी उघडणार?"



"फार सज्जन आहात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि डबा मांडीवर ओढून घेतला.

एवढं झोंबणारं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं.