ह्यांचं लातूरचं व्याख्यान

परवा ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, गाठ स्वरयंत्रासकट काढायची, आवाज जाणार. म्हणजे आजचं लातूरच्या कॉलेजातलं व्याख्यान शेवटचंच. नांदेडहून निघताना मी म्हणाले, "कशाला ही दगदग?" तर म्हणाले, "एकदा सगळं सलग बोलायचंय, प्रेमला. तुकड्यातुकड्यानं लई झालं."

सगळं म्हणजे काय, तर फ्रान्सचे हल्लीचे तत्त्वज्ञ म्हणतात, 'मी' अशी पक्की वस्तू नसतेच. बुद्धानं ते कधीच सांगून ठेवलंय. पण दोघांचं म्हणणं एकच आहे का? एवढ्यासाठी हे घरी बसून फ्रेंच शिकले, मग पाली. फ्रान्स काही बघितलं नाही. मी शाळा, पोरं आणि गॅस सिलिंडर बघितलं. थकले बाई.

कॉलेजचा प्राचार्य बसवराज ह्यांचाच विद्यार्थी. माया लई, अक्कल बेताची. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, ह्यांना फेटा बांधला, शाल घातली. मग "सरांच्या शुभहस्ते" म्हणत अख्ख्या स्टाफचा सत्कार ह्यांच्याकडूनच करवला. आमच्याकडं एकाला शाल दिली अन् दुसऱ्याला न्हाई, की जन्माचा रुसवा. त्यात संस्थेचे अध्यक्ष अमृतराव उशिरा आले आणि सायकल स्टँडच्या पत्र्याबद्दल बोलत बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात!

शेवटी बसवराज कानाशी लागला, "सर, पोरांच्या बसची वेळ झाली. पाच मिनिटांत आटपता का?"

हे फेट्यासकट उभे राहिले. म्हणाले, "सगळे भुकेले आहात. जेवून घ्या." आणि बसले. टाळ्या पडल्या हो, टाळ्या!

गाडीत बसल्या बसल्या मी बसवराजचा उद्धार सुरू केला. हे म्हणाले, "जाऊ दे, प्रेमानं केलं त्यानं."

"प्रेमानंच जीव घेतात आपल्याकडं!" मी म्हणाले. मग मीच म्हणाले, "आता मला सांगा. सगळं. सलग."

हे माझ्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. चाकूरपर्यंत अडखळले, अहमदपूरनंतर लागली तार. म्हणाले, "फ्रेंच लोक म्हणतात, 'मी' नाही, म्हणजे मोकळं झालो, आता काहीही होता येईल. बुद्ध म्हणतात, 'मी' नाही, पण दुःख आहे, आधी त्याच्याकडं बघ. इथं वाट फुटते." काही समजलं, काही डोक्यावरून गेलं. लोह्याच्या पुढं आवाज फाटला. पाणी दिलं, तर दोन घोट घेऊन परत सुरू. मला वाईटही वाटत होतं आणि बरंही.

विष्णुपुरीचं धरण दिसायला लागलं तेव्हा मला राहवेना. म्हणाले, "तुम्ही नाही, मी नाही. मग हे दुखून राहिलंय ते कुणाला?" आणि रडायलाच लागले. ड्रायव्हरची लाजसुद्धा वाटली नाही.

ह्यांनी माझा हात धरला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे मला सांगता येत नाही, प्रेमला."

"न येऊ दे," मी म्हणाले. "चुकीचं सांगा. काहीही सांगा. पण गप्प नका बसू हो, परवापर्यंत तरी बोला."