लाल धार

सानगडीजवळच्या एका गावात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर दर गुरुवारी गर्दी जमायची. झाडफूक करणारे एक महाराज आजाऱ्याच्या तळहातांवर हळद चोळत, मंत्र पुटपुटत आणि लोट्यातलं नितळ पाणी ओतत. हातांवरून लालभडक धार गळायची. लोक हात जोडत. "खून पिणारी हवा हाये माय, निघून राहिली," महाराज सांगत. आजार कोणताही असो, अंगात शिरलेली हवा, म्हणजे बाधा, तीच असायची.

चंद्रकलाने आपल्या लेकीला, रक्षाला, तिथेच नेलं. रक्षा चौदा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात सगळ्यात चपळ. घरात सगळ्यांना कोरोना झाला तेव्हा तिलाही ताप आला आणि लवकरच उतरला. पोरांना काही होत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणत. पण पुढे ती शाळेतून आली की दप्तरासकट आडवी व्हायला लागली. छाती धडधडायची, वाचलेलं ध्यानात राहायचं नाही. तपासण्या ठीक आल्या. मग शाळेत तिला कामचोर म्हणू लागले आणि घरात बाहेरची बाधा.

महाराजांनी धार काढली आणि उपाय दिला: रोज बोडीभोवती अनवाणी फेऱ्या घालायच्या, थांबली की हवा परत बसेल. दुसऱ्याच फेरीत रक्षा खाली बसली.

"आई, मी सोंग करून नाही राहिली. मले खरंच होत नाही."

चंद्रकलाने तिला दंडाला धरून उठवलं आणि चालवलं. आठवडाभरात पोरीला वेणी घालायलाही हात उचलवेना. श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले.

एका दुपारी चंद्रकला रक्षाची ओढणी धूत होती. हळदीच्या डागाला साबण लागला आणि डाग लाल झाला. असं तिने आयुष्यभर पाहिलं होतं, पण त्या दिवशी तिचा हात थांबला. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आठवून तिने सासूच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, गाळ खाली बसू दिला आणि वरचं नितळ पाणी हळद लावलेल्या तळहातावर ओतलं. लाल धार पडली. महाराजांच्या लोट्यातही चुन्याचंच पाणी होतं, हे कळून ती तिथेच बसून रडली.

गुरुवारी तिने पाळीवर सगळ्यांसमोर तेच केलं. देवाशी खेळू नको, असं महाराजांनी दरडावलं. तिने आणखी एकदा करून दाखवलं. काहीजण मुकाट्याने उठून गेले. लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "मंग याले कुठं नेऊ?" दुसऱ्या दिवशी चंद्रकला रक्षाला घेऊन भंडाऱ्याला गेली.

तिथल्या मुलांच्या डॉक्टर रत्नमालाताईंनी सगळं ऐकून घेतलं. रोगाशी लढणारी शरीराची ताकद कोरोना गेल्यावर शांत व्हायला हवी. काही मुलांत ती शांत होत नसावी, असं संशोधनात दिसतं आहे, त्या म्हणाल्या. नक्की कारण आणि हमखास औषध अजून सापडलेलं नाही. अंगात जेवढं बळ आहे तेवढंच काम, मधे विश्रांती; जबरदस्तीने चालवलं तर अशी मुलं आणखी खचतात. बरीच मुलं हळूहळू सुधारतात.

"म्हणजे मीच तिले पाडलं," चंद्रकला म्हणाली.

रक्षा तपासणीच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रक्षा आता अर्धा दिवस शाळेत जाते. खो-खो सुटला तो सुटलाच. महाराजांनी दुसरं गाव गाठलं आहे, आणि तिथेही गर्दी होते. वाचकहो, हमखास बरं करतो म्हणणाऱ्यापेक्षा, अजून माहीत नाही असं सरळ सांगणाऱ्या डॉक्टरकडे जा. आणि लेकरू "मला होत नाही" म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना.