संपत काय म्हणाला

नौदलात विमानं नुकतीच आली होती, त्या काळातले वैमानिक कमांडर दिगंबर लेले. आता ऐंशी पार केलेले. प्रजासत्ताक दिनी विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीने सत्कार ठेवला. सेक्रेटरींनी माइकवरून हकिकत सांगितली. जहाजावरून उड्डाण करताच इंजिन बंद पडलं. लेल्यांनी विमान समुद्रावर उतरवलं, बेशुद्ध नॅव्हिगेटर श्रीनिवासला बाहेर ओढलं आणि मदत येईपर्यंत लाटांत धरून ठेवलं. टाळ्या पडल्या. लेले मान खाली घालून बसले होते. विमानात तिसराही होता, मागच्या जागेवर बसणारा नौसैनिक संपत. त्याचं नाव अशा भाषणांत कधी येत नसे आणि लेल्यांनीही ते कधी सुचवलं नव्हतं.

पांगापांग झाल्यावर सत्तरीची एक बाई पुढे आली. "मी कल्याणी. संपतची धाकटी बहीण. खडकीला असते."

लेल्यांना उठून उभं राहायचंही सुचेना.

"श्रीनिवाससाहेब होते तोवर दिवाळीला यायचे. आई तुमचीही वाट बघायची. खडकी काही फार लांब नाही हो."

"काय तोंड घेऊन येणार होतो?"

"सत्काराला आणलंत तेच."

कल्याणी शेजारच्या खुर्चीवर टेकली. "एक विचारते. तो शेवटी काही बोलला का? श्रीनिवाससाहेबांना शुद्धच नव्हती."

"बोलला," लेले म्हणाले. "त्याचे पाय अडकले होते. मी आधी त्याच्याकडेच गेलो. तर म्हणतो, 'सर, साहेबांना काढा, मला वेळ लागेल.' श्रीनिवासला बाहेर काढून मागे वळलो, तोवर विमान पाण्याखाली गेलं होतं. चौकशीत मी एवढंच सांगितलं, की मागचा माणूस अडकला होता. पदक मला मिळालं. नंतर सांगायचं राहून गेलं. राहून नाही गेलं, मीच राहू दिलं."

कल्याणी म्हणाली, "आई जाईपर्यंत म्हणायची, माझं पोर फार घाबरलं असेल."

लेल्यांनी हात जोडले.

"माझ्यापुढे नकोत. रविवारी घरी या. सगळ्यांना बोलावते, त्यांना सांगा."

रविवारी लेले रिक्षाने खडकीला गेले. भाचे, सुना, नातवंडं, खोली भरली होती. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. संपतच्या वाक्यापाशी त्यांचा आवाज बसला.

"परत सांगा," दाराशी उभी असलेली कल्याणी म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

लेल्यांनी परत सांगितलं.