कासवाची मैत्रीण

"काका, लिफ्ट कधी चालू होणार? सासूबाई खाली ताटकळल्यात हो," जिन्यातून एका बाईंचा आवाज आला.

"आलोच, ब्रेक बघतोय," गच्चीवरच्या मशीनरूममधून लिफ्टवाल्याने उत्तर दिलं.

ब्रेक केव्हाच बघून झाला होता. तो एका पालथ्या डब्यावर बसला होता आणि ग्रीसने काळ्या झालेल्या अंगठ्याने मोबाइलवर लिहीत होता, 'मी पण आत्ताच क्लासवरून आलो.' मग त्याने 'आलो' खोडलं आणि तिथे 'आले' केलं. ही चूक त्याच्याकडून अजूनही व्हायची. पलीकडे जी होती ती त्याचीच मुलगी होती, आणि तिच्या लेखी हे लिहिणारी तिच्याच वयाची, दुसऱ्या गावात राहणारी एक मुलगी होती.

घरात तिला सगळे ठमी म्हणत. ठमी नववीत होती. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची ती अडायचीच. मग बाप मागून धक्का द्यायचा. ती 'प... प...' म्हणाली की हा 'पाणी? पेन? पंखा लावू?' करत सगळं घर धुंडाळायचा. आपण मदत करतोय असंच त्याला वाटायचं. अलीकडे मात्र तिने बोलणंच सोडलं होतं. जेवतानाही मोबाइलमध्ये नाक खुपसलेलं. हाक मारली तर मान हलायची, तोंड उघडायचं नाही.

त्यात शाळेतल्या पालकसभेत बाईंनी सांगितलं, की दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीला नेटवरच्या कुणा अनोळखी माणसाने गोड बोलून पुरतं फसवलं. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला.

"तिला सरळ विचारा ना," बायको म्हणाली होती.

"विचारून ती सांगणारे होय?"

कामावरच्या जोडीदाराने चहा निवायच्या आत त्याला एक खातं उघडून दिलं. फोटोच्या जागी कासवाचं चित्र, नाव 'आळशी कासव'. म्हटलं, नुसतं लांबून बघायचं. कुणी वावगा माणूस तिच्या मागे लागलेला दिसला, की त्याची गचांडी धरायची.

वावगा माणूस कुणीच नव्हता. तिच्या खात्यावर होती ती चित्रं. आपल्या इमारतीतली माणसं ठमीने पाठमोरी काढली होती. जिना चढणारी, दारात वाकलेली, कपडे वाळत घालणारी. त्यात एक पाठ हत्यारांच्या पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला झुकलेली होती. ती आपली आहे हे ओळखायला त्याला जरा वेळ लागला. पोरगी इतकं सुंदर काढते हे एका घरात राहून त्याला कळलं नव्हतं. तिथेच खातं बंद करायचं, तर त्याने खाली लिहिलं, 'किती छान!' आणि तिचं उत्तर आलं, 'थँक्यू, कासवा.'

मग रोजचंच झालं. लिहिताना ठमी अडखळत नसे. धबधबा वाहावा तशी लिहायची. वर्गातल्या मुली तिची नक्कल कशी करतात, ती मधल्या सुट्टीत कुठे जाऊन बसते, सगळं कासवाला ठाऊक होऊ लागलं. एकदा तिने लिहिलं, 'बाबा माझे शब्द माझ्या तोंडातून काढून घेतो. तो वाईट नाहीये. त्याला फक्त घाई असते.'

त्या दिवशी त्याला डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी म्हणाली, "बाबा, मला श... श..." त्याच्या जिभेवर चार शब्द आले. त्याने दातांखाली जीभ दाबून धरली. "...शार्पनर आणशील?" ती म्हणाली. कितीतरी दिवसांत तिच्याकडून ऐकलेलं हे पहिलं पुरं वाक्य. आणि संध्याकाळी कासवाला निरोप आला, 'आज बाबा थांबला माझ्यासाठी.'

त्याला भरून आलं, आणि त्याच वेळी ज्याच्या घरी चोरी केली त्यानेच पाठ थोपटावी तसं काहीतरी वाटलं. पण चांगलं होतंय ना, मग असू दे, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. ती लगेच पटली, कारण त्याला ती पटायलाच हवी होती.

अलीकडे मात्र ठमीने एकच धोशा लावला होता. 'आपण फोनवर बोलू. मी कुणाशीच बोलत नाही फोनवर. पण तू हसणार नाहीस.' कासवाचा कधी घसा बसला, कधी आईने फोन काढून घेतला, कधी परीक्षा आली.

आणि आज, तो 'आले' लिहून पाठवतो न पाठवतो तोच, लिहिलेला नव्हे, बोललेला निरोप येऊन पडला. त्याने फोन कानाला लावला.

"कासवा, मी ठ... ठ... ठ..."

स्वतःच्याच नावावर ती अडली होती. त्याने डोळे मिटून घेतले. मध्ये श्वास, पुन्हा अक्षर, पुन्हा श्वास. मग एकदम, "ठमी! बघ, झ... झालं. आता तू."

शेवटी ती हसली होती. हे हसणं त्याने घरात शेवटचं कधी ऐकलं होतं, त्याला आठवेना.

आता तू, म्हणजे काय करायचं? त्याने काही विचार केला नाही. खातं पुसून टाकलं, कासवासकट. लिफ्ट चालू केली, जिन्यातल्या बाईंना "झालं" म्हणून सांगितलं आणि पिशवी उचलून तो चालू लागला.

पुढचे काही दिवस ठमी अंथरुणातून उठलीच नाही. पोट दुखतंय, असं तिने हातानेच सांगितलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी बायको भांडी पुसता पुसता त्याला म्हणाली, "आज बोलली एकदाची. नेटवर कुणी मैत्रीण होती म्हणे. हिचा आवाज ऐकला आणि पळाली. काय पोरी असतात हो एकेक. इतकं कसलं ते दगडाचं काळीज?"

त्याच्या हातात ताट होतं. ते त्याने सावकाश ओट्यावर ठेवलं आणि बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. ओरडली नाही. हातातलं फडकं तेवढं तिने पिळलं, आणि ते कोरडंच होतं.

"जा, तिला सांगा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मी नाही सांगणार."

ठमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो पलंगाच्या कडेला बसला. बोलायला लागला तेव्हा तोच दोनदा अडखळला. त्याचं सांगून झाल्यावर ती उठून बसली.

"म... म्हणजे ती प... पळाली नाही?"

"नाही गं बाळा. मी घाबरलो. तुझ्या आवाजाला कुणी काही नावं ठेवली नाहीत."

क्षणभर तिचा चेहरा सैल झाला. मग तिला उरलेलं कळलं.

"आणि ती न... नव्हतीच."

त्याने मान खाली घातली.

"स... सगळं तू वाचलंस."

तुझ्या भल्यासाठी, काळजीपोटी, असं बरंच काही त्याच्या ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "हो."

ती रडली नाही. "मी तुला क... क..." कधीच? कसं? काय? तो गप्प राहिला, वाट बघत राहिला. थांबायला तो शिकला होता, पण कुणाकडून शिकला हे आता दोघांनाही ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, तो शब्द तसाच सोडून दिला आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

ती शाळेत जाऊ लागली. आईने चौकशी करून बोलणं सुधारणाऱ्या एका बाईंचा वर्ग शोधला, तिथे ती आईबरोबर जायची. घरात आईशी दोन शब्द बोलायची. बापाने विचारलं तर उत्तर द्यायची, पाहुण्याला द्यावं तसं, नीट आणि थोडक्यात. चित्रं काढायची, पण ती कुठे ठेवते हे त्याने विचारलं नाही.

एका संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा गॅलरीत ठमी फोनवर बोलत होती. मोठ्याने, अडखळत. बोलणं सुधारणाऱ्या बाईंच्या वर्गातलीच कुणी मुलगी असावी, पलीकडचीही अडखळतच असावी, कारण मध्ये मध्ये ठमी नुसतीच थांबून ऐकत होती. त्याला पाहून ती बोलायची थांबली नाही. पायाने तिने दार लोटलं. ते पुरतं लागलं नाही.

तो एका पायातला बूट काढून हातात घेऊन उभा होता. फटीतून आवाज आला, "माझा बाबा ना..." आणि पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ती अडली.

तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने नळ पूर्ण सोडला. धुण्यासारखं काहीच नव्हतं. फळीवरची घासलेली भांडी त्याने खाली काढली आणि एकेक करून धुवायला घेतली.