कोठीतली घडीची खुर्ची

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. मिटलेली आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या.

कॅलिफोर्नियात, बदामाच्या बागांमधल्या एका कॉलेजात आम्ही साठ बहिणी एकाच ट्रकमधून उतरलो. मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुरांच्या मुलांनी विज्ञान शिकावं आणि त्यांच्या घरच्यांनाही इथे आपलं वाटावं, म्हणून एक समिती नेमलेली आहे. आमची खरेदी तिचीच. आम्हांला मंजूर करायला तीन बैठका लागल्या. त्या अर्थातच गादीच्या खुर्च्यांवर झाल्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी पालकांची सभा होती. समितीच्या हॅस्किन्ससाहेबांनी पत्रं धाडली : प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन पाहुणे. तेवढ्याच खुर्च्या मांडल्या आणि उरलेल्या आम्हां वीसजणींना शेजारच्या कोठीत कुलूपबंद केलं. माझी जागा दाराच्या फटीशी.

सोळा वर्षांची यारेली आली. तिच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. ते का, हे शोधायला सहा आठवडे याच कॉलेजात राहून प्रयोगशाळेत शिकण्यासाठी तिची निवड झाली होती. बापाची सही तेवढी त्याच संध्याकाळी हवी होती. हातात तिने त्या पाण्याची बाटली घट्ट धरली होती.

मागून बाप एलेउतेरिओ, आई, दोन भाऊ, मावशी, मावशीचं तान्हं; आणि तमालेसचं, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेल्या सारणाच्या मुटक्यांचं, गरम पातेलं सांभाळत नीना, म्हणजे बाप्तिस्म्यापासूनची यारेलीची मानलेली आई. तिच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नाही.

"दोनच पाहुणे. पत्रात स्पष्ट लिहिलंय," हॅस्किन्स म्हणाले. यारेलीने ते घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं.

"मग बरोबरच आहे की!" बाप म्हणाला. "साहेबांना सांग, पाहुणा एकही आणला नाही. सगळी घरचीच माणसं."

"आणि मला कोणी पाहुणी म्हटलं, तर पातेलं आल्या पावली परत जाईल," नीना म्हणाली.

सगळे हसले. साहेबही हसले. नियम तेवढा हसला नाही. बाकीच्यांनी बाहेर थांबावं, असं ठरलं.

"नीनाचे गुडघे दुखतात, साहेब. त्या कोठीत खुर्च्या आहेत ना?" यारेलीने विचारलं.

"आहेत. पण त्या काढायला दोन दिवस आधी अर्ज लागतो."

मी दहा पावलांवर होते. देवाने चार पाय दिले, पण आपण होऊन एकही उघडता येत नाही.

नीना भिंतीला टेकली. मग शांतपणे म्हणाली, "एलेउतेरिओ, यांच्याकडे मला तासभर टेकायला जागा नाही. पोरीला सहा आठवडे कुठे ठेवणार रे हे?"

बापाने पेन बाहेर काढलं होतं. ते त्याने पुन्हा खिशाला लावलं. "साहेबांना सांग, तसदीबद्दल माफी असावी."

"बाबा, नुसती सही..." पुढचं यारेलीला दोन्हींपैकी कुठल्याच भाषेत सांगता आलं नाही. जाताना बाटली दाराशीच राहिली.

समितीच्या अहवालात आलं : 'पालकांमध्ये उत्साह कमी.' उपाय म्हणून यंदा आणखी चाळीस खुर्च्या घेतल्या. त्याही कोठीत माझ्या अंगावर रचल्या आहेत. झाडणाऱ्या बाईने बाटली आत आणून ठेवली. ते पाणी अजून कोणी तपासलेलं नाही.

सभा पुन्हा जवळ आली आहे. दाराबाहेर कोणी असाल, तर अर्ज मागाहून करा. मला उघडायला एक हात पुरतो.